अडीच वाजताची जाग

बाजाराच्या दिवशी तालुक्यातल्या औषधाच्या दुकानापुढं खरी गर्दी असते ती अकरा ते एक. आधी डॉक्टर, मग औषध, मग भाजी, आणि दोनची एसटी, असा हिशोब करून माणसं आलेली असतात. त्या गर्दीतून एक आजी पुढं सरकल्या. पदराच्या गाठीतून चुरगाळलेलं, रिकामं चंदेरी पान काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. "ही दे रं, निम्मी करून घ्यायची." दुकानदारानं "चिठ्ठी?" असं विचारलं, पण उत्तराची वाट बघितली नाही. कात्रीनं पाच गोळ्यांचा तुकडा कापला आणि कागदी पुडीत टाकला. आजींनी पैसे मोजून दिले, पुडी बटव्यात ठेवली, वळल्या आणि परत फिरून म्हणाल्या, "पैसं दिलं का रं मी?" "दिले की आजी." दोन पावलं गेल्या, पुन्हा थांबल्या आणि पुन्हा तेच विचारलं. रांगेतलं कुणीतरी हसलं, "म्हातारपण," म्हणालं, आणि रांग पुढं सरकली.

पानावरची गोळी अल्प्राझोलमची होती, झोपेसाठी घेतली जाणारी, पाव मिलिग्रॅमची. २०१४ पासून ती औषध नियमांच्या एच-वन परिशिष्टात आहे. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही, दिली की डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. हे कितपत पाळलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर आणखी काय लिहायचं? मनात राहिलं ते हे, की झोप येत नाही ही तक्रार आणि दोनदा विचारलेला तोच प्रश्न, दोन्ही एकाच मिनिटात एकाच काउंटरवर आले होते आणि कुणीच त्यांची सांगड घातली नाही. गोळीमुळं विसर पडतो का, विसराच्या आजारामुळं झोप मोडते का, की दोन्हींच्या मागं तिसरंच काही आहे? हे विचारायला आजींची रात्र कशी जाते ते आधी माहीत हवं. आणि गावात म्हाताऱ्या माणसाला जेवलास का असं दहा जण विचारतात. रात्री किती वाजता जाग आली, का आली, मग काय केलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

तर आधी रात्रीचा साधा हिशोब. जेवण सात-साडेसातला. टीव्हीवरची एखादी मालिका अर्धीमुर्धी बघून साडेआठला अंथरुणात. जाग येते अडीचला. तक्रार अशी, की "रातभर डोळ्याला डोळा नाही." पण साडेआठ ते अडीच म्हणजे सहा तास झाले, आणि दुपारी जेवल्यावर दोन तास आडवं होणं झालं असेल तर आठ. झोपेचा कोटा पुरा झालेला असतो, फक्त तो चुकीच्या वेळी पुरा झालेला असतो. साठीनंतर शरीराचं घड्याळ पुढं सरकतं. लवकर पेंग येते, लवकर जाग येते, गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि मधेमधे जाग येणं वाढतं. हे प्रत्येकाचं कमी-जास्त होतंच, त्याला आजार म्हणत नाहीत. त्यात मोतीबिंदू असला तर भर पडते. घड्याळ लावायला लागणारा सकाळचा निळसर उजेड गढुळलेल्या भिंगातून डोळ्यात पुरता पोचत नाही. दिवसभर माजघराच्या अंधारात बसणाऱ्या माणसाला दिवस आणि रात्र यांतला फरक शरीरात नीट कळतच नाही.

पूर्वी पहाटेच्या या जागेला गावात काम होतं. जातं होतं, गोठा होता, धार काढायची होती, कार्तिकात काकडा होता. तीनला उठणारी म्हातारी घराला हवीशी होती. आता दळण गिरणीतून येतं, म्हैस विकलेली आहे, नातवंडं मोबाइल बघत बारापर्यंत जागी आणि सून सहापर्यंत झोपलेली. अडीचला उठून भांडं वाजवणारं माणूस आता घराची झोपमोड करतं. मग कुणीतरी डॉक्टरांना सांगतं, "म्हातारी रात्रभर झोपत नाही, काहीतरी द्या." गोळी खूपदा म्हातारीसाठी नसते, घरासाठी असते.

हे वाईट हेतूनं होत नाही. थकलेल्या घरात असंच होतं.

पण रात्रीची प्रत्येक जाग अशी निरुपद्रवी नसते. गावातल्या म्हाताऱ्यांची झोप मोडण्याची कारणं नीट उकरली तर डोक्याच्या बरीच खाली सापडतात. सगळ्यात मोठं कारण लघवी. रात्रीत तीन-चारदा उठावं लागतं तेव्हा पुरुषाच्या बाबतीत प्रोस्टेटकडं बोट जातं, बाईच्या बाबतीत "वयच झालं" म्हटलं जातं. साखर वाढलेली आहे का ते बघायचं राहून जातं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या वेळा तर कुणी विचारतच नाही. लघवी वाढवणारी, ज्याला गावात पाण्याची गोळी म्हणतात ती, खूपदा संध्याकाळी घेतली जाते, कारण डॉक्टरांनी "दोन वेळा" असं मोघम सांगितलेलं असतं. ती घ्यायची तर सकाळी, फार तर दुपारी. दुसरी नेहमीची गोळी ॲम्लोडिपिन. तिनं काहींचे घोटे सुजतात. दिवसभर पायात साठलेलं ते पाणी माणूस आडवं झालं की रक्तात परत येतं आणि मध्यरात्री लघवी होऊन बाहेर पडतं. उपाय बिनखर्चाचा आहे. दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचं, म्हणजे ते पाणी झोपेच्या आधीच निघून जातं. सूज जास्त असेल तर गोळी बदलून मागायची. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही.

आणि संडास कुठं आहे हाही झोपेचाच प्रश्न आहे. अनुदानातून बांधलेला संडास घरामागं, दोन पायऱ्या उतरून, दिवा नसलेला. वाटेत दगड, पाळलेलं कुत्रं, पावसाळ्यात मण्यारीची भीती, आणि ती भीती खरी आहे. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, दुखत नाही म्हणून कळतही नाही. मग म्हाताऱ्या बायका साधा हिशोब करतात आणि दुपारपासून पाणीच प्यायचं सोडतात. त्यातून बद्धकोष्ठ होतं, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि या दोन्हींमुळं म्हातारं माणूस एका रात्रीत बरळायला लागू शकतं. पाणी कमी करायचं नसतं, त्याची वेळ बदलायची असते. दिवसाचं सगळं पाणी संध्याकाळी सहाच्या आत, त्यानंतर गोळीपुरतं. खाटेजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची, पायाशी मिणमिणता पिवळा दिवा, उशाला बॅटरी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. एवढी व्यवस्था लावायला औषधाची चिठ्ठी लागत नाही, पण ती लावलेली घरं फार थोडी. खुब्याचं हाड मोडणाऱ्या कितीतरी पडण्यांची सुरुवात रात्री लघवीला उठण्यातून होते, आणि अंगात झोपेची गोळी असेल तर तोल आणखीच जातो.

पुरुषांच्या झोपेचा मोठा भाग महावितरणच्या वेळापत्रकात अडकलेला आहे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीनं मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ ते दहा तास. पोरगा चाकणला कंपनीत, नातू पुण्यात शिकायला, मग रात्री एकला लाइट आली की दारं धरायला, म्हणजे रानातलं पाणी वळवायला, जातो तो अडुसष्ट वर्षांचा माणूस. कारखान्यातल्या कामगाराला रात्रपाळीचा भत्ता तरी असतो. इथं पाळी आठवड्याला बदलते आणि तिला कुणी पाळी म्हणतच नाही. जुन्नरकडं उसात बिबट्या, म्हणून तिथली माणसं दिवसाच्या विजेची मागणी जिवाच्या भीतीनं करतात; झोपेचं कारण कुणी पुढं करत नाही, खरं तर करायला हवं. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला तर मोटार आपोआप सुरू होते, पण सरीतलं पाणी आपोआप वळत नाही, त्यामुळं उठणं टळत नाही. ते टळतं ठिबकनं, किंवा दिवसा वीज मिळाली तर. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, आणि जिथं फीडर, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी, खरोखर सौर वीजेवर आला तिथं पाणी दिवसा देता येतं. शेतकऱ्याची झोप हा त्या योजनेच्या फायद्यांतला एक फायदा म्हणून कुठं छापलेला असेल तर उत्तम. तोवर रात्रीच्या आठवड्यात दुपारी एकच ठरलेली, दीड तासाची झोप, अंधाऱ्या खोलीत, रोज त्याच वेळी. आणि दिवसाच्या आठवड्यात ती बंद. दोन्ही आठवड्यांत तुकड्या-तुकड्यानं कधीही पडून राहणं हे सगळ्यात वाईट.

बायकांचं वेगळं. मिश्री. भाजून कुटलेली ती काळी तंबाखू सकाळी दात घासायची वस्तू म्हणून घरात येते आणि पुढं दिवसातून चार-पाचदा हिरडीला लागते. रात्री जाग आली की आधी हात जातो तो डबीकडं. निकोटिन मेंदूला जागं करतं, काही मिनिटांतच. मग झोप लागत नाही म्हणून पुन्हा मिश्री. सगळी एकदम सोडायला सांगितलं तर कुणी ऐकत नाही. संध्याकाळनंतरची आणि मध्यरात्रीची आधी सोडा, डबी खाटेजवळ ठेवू नका, असं सांगितलं तर काही जणी ऐकतात. चहाचंही तेच. संध्याकाळी सहाचा चहा म्हाताऱ्या शरीरात मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो. शिवाय "पाय वळवळतात, कुणीतरी चेपा" ही तक्रार लाडात काढली जाते असं घरच्यांना वाटतं. आडवं झाल्यावर पायात काहीतरी सरपटल्यासारखं होणं, हलवले की बरं वाटणं, रात्री जास्त होणं, असं असेल तर तो ओळखीचा आजार आहे आणि त्याच्या मागं खूपदा लोहाची कमतरता असते. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बघावं लागतं. ते ७५ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या देऊन बघतात. मात्र म्हातारपणी लोह का कमी झालं, पोटातून कुठं रक्त जातंय का, हेही शोधायचं असतं.

घोरण्याबद्दल थोडकंच. घोरणारा माणूस गाढ झोपलाय असं आपण समजतो. मधेच घोरणं थांबून, काही सेकंद शांतता, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू, असं होत असेल तर तो रात्रभर श्वासासाठी धडपडतोय. सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डुलकी, ब्लडप्रेशर तीन गोळ्यांनीही न उतरणारं. अशाला झोपेची गोळी देणं घातक ठरू शकतं. त्याला झोपेची तपासणी हवी, आणि ती जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातच होते.

दुसरा प्रकार जास्त चमत्कारिक, आणि तो ओळखता येणं फार महत्त्वाचं. म्हातारा झोपेत ओरडतो, शिव्या देतो, हात-पाय झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लाथ बसते. जागं केलं तर सांगतो, रानडुकराच्या मागं लागलो होतो. गावात याला बाधा म्हणतात, उतारा टाकतात, अंगारा लावतात. एरवी स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू बंद असतात. इथं ते बंद होत नाहीत आणि माणूस स्वप्न जगायला लागतो. मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढं लक्षात आलं, की अशा माणसांपैकी बहुतेकांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतला विस्मृतीचा आजार होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत बारा वर्षांत हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश निघालं. विसर पडण्याच्या दहा वर्षं आधी रात्र ही खूण देऊन जाते. काही मानसोपचाराच्या गोळ्यांनीही असं होतं, म्हणून आधी गोळ्या तपासायच्या. तोवर उशाशी ठेवलेला कोयता आणि काठी आधी बाजूला करायची, खाट भिंतीपासून दूर आणि बुटकी ठेवायची, बायकोनं वेगळं झोपायचं.

आता आजींच्या त्या झोपेच्या गोळीकडं. ती झोप आणते हे खरं, पण जी आणते ती उथळ. गाढ झोपेचा वाटा ती वाढवत नाही, उलट कमी करते. काही आठवड्यांत शरीर सरावतं आणि निम्मीची पुरी होते. म्हाताऱ्या यकृतातून ती हळू उतरते, म्हणून सकाळी तोंडाला चव नाही, पाय लटपटतात, काल काय झालं ते धूसर. अमेरिकेतल्या वृद्धरोग तज्ज्ञांची बीअर्स यादी म्हणून आहे, म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. त्यात अल्प्राझोलमच्या जातकुळीतला सगळा गट आहे. त्याच यादीत सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही आहे, जे आपल्याकडं किराणा दुकानातसुद्धा मिळतं आणि "जरा झोप लागते" म्हणून घेतलं जातं. या गोळ्यांमुळं डिमेन्शिया, म्हणजे विस्मृतीचा कायमचा आजार, होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. घेत असताना विसर पडतो, तोल जातो, यावर मात्र वाद नाही. म्हणून स्मृतीची तपासणी करायच्या आधी गोळ्यांची पिशवी तपासावी.

आणि हे वाचून कुणी उद्याच आजीची गोळी लपवून ठेवेल, तर ते सगळ्यात धोक्याचं. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर झोप पूर्ण उडते, हात कापतात, भास होतात, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या नजरेखाली दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच-दहा टक्क्यांनी उतरवायची, आणि कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पाव मिलिग्रॅमची गोळी ब्लेडनं एवढी बारीक कापता येत नाही. म्हणून डॉक्टर कधी तिच्या जागी सावकाश उतरणारं त्याच गटातलं दुसरं औषध देऊन ते कमी करत नेतात. काही महिने लागतात. कॅनडात क्युबेक प्रांतात एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. औषधाच्या दुकानांमार्फत ६५ वर्षांवरच्या लोकांना एक पुस्तिका दिली, गोळीचे धोके आणि ती टप्प्याटप्प्यानं कशी सोडायची एवढंच सांगणारी. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी सोडलेली होती, न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. आपल्याकडचा दुकानदार आजीला नावानं ओळखतो, तिच्या सुनेला ओळखतो. कात्री चालवायच्या आधी तो दोन वाक्यं बोलला तर त्या पुस्तिकेहून जास्त काम होईल. पण त्याला तसं कुणी शिकवत नाही, आणि बाजाराच्या दिवशी त्याला वेळही नसतो.

गोळीच्या जागी काय, हा प्रश्न उरतोच. सगळ्यात जास्त सिद्ध झालेला उपाय ऐकायला उफराटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करा. दोन आठवडे नातीनं वहीत लिहायचं, आजी कधी आडवी झाली, कधी उठली, दुपारी किती. घड्याळ कळत नसेल तर गावाचे आवाज वापरायचे. मुक्कामी एसटी सुरू झाली तेव्हा जागी होतीस का? देवळातला भोंगा लागला तेव्हा? दुधाची गाडी आली तेव्हा? त्यातून खरी झोप सरासरी सहा तास निघाली, तर अंथरुणात साडेसहा तासच राहायचं. म्हणजे दहाला झोपायचं, साडेचारला उठायचं, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की पंधरा मिनिटं वाढवायची. साडेपाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. फिट येणाऱ्यांना, तोल जाणाऱ्यांना हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. दुपारी वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. सकाळी अर्धा तास अंगणात उजेडात. यातलं सगळ्यात अवघड काय, तर आठ ते दहा म्हाताऱ्या माणसाला जागं ठेवणं. त्यासाठी माणसं लागतात, देवळातलं भजन लागतं, ओट्यावरच्या गप्पा लागतात. ऊसतोडीला अर्धं गाव गेलेल्या बीडच्या एखाद्या वाडीत दिवाळीनंतर हा उपाय कुणाला सांगायचा? तिथं आठला दार लावून घेतलं, की पहाटेपर्यंत बोलायला कुणी नाही.

झोप आणि स्मरण यांचं नातं मात्र जपून मांडायला हवं, कारण त्यावर हल्ली फार ठाम बोललं जातं. २०१३ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगातून असं पुढं आलं, की झोपेत मेंदूतली पेशींमधली जागा रुंदावते आणि दिवसभराचा कचरा धुतला जातो. मोबाइलवर ते वाक्य अजून फिरतं. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटानं उंदरांवरच बरोबर उलट निष्कर्ष काढला, आणि तो वाद मिटलेला नाही. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पाहणीत पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत पुढं डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसला, २०२१ मध्ये. तरीही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी केली, तिच्यात झोप नाही. कमी शिक्षण, बहिरेपण, मंद दृष्टी, ब्लडप्रेशर, एकाकीपण आहे. झोपेचं अवघड, कारण झोप मोडणं हे आजाराचं कारणही असू शकतं आणि त्याची पहिली पायरीही, आणि दोन्ही वेगळं करणं अवघड आहे. त्या यादीकडं गावातून बघितलं तर वेगळंच दिसतं. शाळेत न गेलेली, कान गेलेली, मोतीबिंदू पिकलेली, एकटी राहणारी बाई म्हणजे ती यादीच. भारतातल्या मोठ्या पाहणीनं साठीवरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला, सुमारे ८८ लाख माणसं, आणि प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त. "गावची हवा, गावचं खाणं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा जवळून बघावा.

शाळेत न गेलेल्याचं स्मरण तपासायचं कसं, हा प्रश्न हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात संशोधकांपुढं आला. शंभरातून सात वजा करत जा, वाक्य लिहून दाखवा, हे तिथं चालेना. मग निरक्षर माणसाला विचारता येईल अशी हिंदी चाचणी बनवली गेली. आपल्याकडं घरच्या घरी अंदाज घ्यायला तारीख विचारू नये. आज कुठला बाजार, एकादशी झाली की व्हायचीय, रानात काय उभं आहे, थोरल्या सुनेचं माहेर कुठलं, शंभराची नोट देऊन पस्तीसचं सामान घेतलं तर परत किती, हे विचारावं. बाजारहाट केलेल्या बाईचा शेवटचा हिशोब चुकायला लागला, भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, रोजच्या पांदीत रस्ता चुकला, तर ते वय म्हणून सोडून देऊ नये. आशाताई भरतात त्या अर्जात ज्येष्ठांसाठी प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? ज्या दिवशी त्याचं उत्तर हो येतं, त्या दिवसापर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधीच बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर बघून घ्यावी. बी-१२ मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही कमी होतं, आणि ते वेळेत भरून काढता येतं.

आणि वेग बघावा. विसर वर्षा-दोन वर्षांत हळूहळू वाढला तर तपासणीला महिना लागला तरी चालेल. कालपर्यंत बरा असलेला माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री उठून कपडे काढायला लागला, तर ते म्हातारचळ नव्हे. त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, चार दिवस न झालेला संडास, पाण्याच्या गोळीनं उतरलेलं सोडियम, नवीन सुरू केलेली गोळी, किंवा तीन आठवड्यांपूर्वी गोठ्यात पडून डोक्याला लागलेलं आणि आत साठत गेलेलं रक्त, यांतलं काहीतरी निघतं. त्यातलं बरंचसं बरं होतं, वेळेत नेलं तर.

ज्यांचं निदान झालेलं आहे त्यांच्या घरी दिवस बिघडतो तो दिवेलागणीला. सावल्या लांबल्या की आजी गाठोडं बांधायला घेतात, "मला घरी जायचंय." हेच घर आहे असं पटवायला गेलं की चिडतात. पटवू नये. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावावेत, टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवाव्यात, हाताला सवयीचं काम द्यावं. वाती वळणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं. "चहा घेऊ, मग निघू" एवढ्यानं खूपदा भागतं. दाराला एक कडी नजरेच्या वर बसवावी. गावात हरवलेलं माणूस कुणीतरी हात धरून घरी आणून सोडतं, ही आपली मोठी ताकद. पण विहिरीला कठडा नसतो आणि हायवे आता गावालगत आलाय.

रात्री त्या कडीचा आवाज ऐकून उठते ती बहुतेक घरांत सून. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून तिला पाचला पुन्हा उठायचं असतं. तिच्या झोपेची नोंद नातीच्या वहीत नसते. घरात दोन-तीन माणसं असतील तर रात्रीच्या पाळ्या लावाव्यात, मुलानंही एक घ्यावी. रात्रपाळीला जातो हे कारण दिवसाची पाळी घ्यायला पुरेसं आहे. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे आणि ते गुडघेदुखीचं चूर्णसुद्धा एका पिशवीत घालून न्यावं, कारण तसल्या चूर्णांत स्टिरॉइड सापडलेलं आहे आणि स्टिरॉइडनं झोप उडते. सोबत ती दोन आठवड्यांची वही, आणि रात्री त्याच खोलीत झोपणारं माणूस. ते सून असेल तर तिथंच तिचंही ब्लडप्रेशर मोजून घ्यावं.